‘लुई लुई’मध्ये शिवी होती का? होती, पण शोध भलतीकडेच चालला होता

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘द किंग्समेन या अमेरिकन बँडच्या “लुई लुई” या सिंगलवर १९६०च्या दशकात अश्लीलतेचा आरोप झाला, एफबीआयने चौकशी केली आणि शब्दच कळत नाहीत म्हणून शेवटी हात टेकले, असं वाचलं. मी चांगले हेडफोन लावून ऐकलं, पण मलाही धड काही कळलं नाही. गाण्यात खरंच वावगं काही आहे का? नसेल तर एवढा गोंधळ कशाचा? आणि आजच्या सॉफ्टवेअरने आवाज वेगळा काढून याचा निकाल लावता येईल का?’

मी गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. उमेदवारीपासून धरलं तर आयुष्याचा मोठा भाग ‘शब्द ऐकू येत नाहीत हो’ ही तक्रार निस्तरण्यात गेला आहे. त्यामुळे या प्रकरणाकडे मी नीतीच्या बाजूने न बघता माइकच्या बाजूने बघतो, आणि माझ्या मते ते कळतंही तिथूनच.

आधी उत्तर देऊन टाकतो. गाण्याच्या कडव्यांत अश्लील असं काहीही नाही. प्रेयसीच्या आठवणीने कासावीस झालेला एक खलाशी दारूच्या गुत्त्यातल्या माणसाशी बोलतोय, एवढंच ते गाणं आहे. लुई म्हणजे तो ऐकून घेणारा गुत्तेवाला. तीन दिवस-रात्रींचा समुद्रप्रवास, तिच्या केसांतल्या गुलाबाचा वास, जमैकाचा चंद्र आणि पोचल्यावर तिला पुन्हा सोडून जाणार नाही अशी ग्वाही. आपल्याकडची कितीतरी कोळीगीतं याहून धीट आहेत. मात्र रेकॉर्डवर एक शिवी आहे, असं सांगितलं जातं आणि माझ्या कानांना ते पटतं. ती कडव्यात नाही, गायकाच्या तोंडची नाही, आणि चौकशी करणाऱ्यांच्या कागदांत तिचा पत्ताही नाही. तिच्याकडे नंतर येतो.

गाणं मुळात रिचर्ड बेरीचं. लॉस एंजेलिसमधला हा कृष्णवर्णीय गायक-गीतकार. रेने तूझे या क्युबन संगीतकाराच्या एका चा-चा-चा धूनेतली सुरावट त्याच्या डोक्यात बसली आणि १९५५च्या सुमारास त्याने त्यावर हे शब्द बांधले. १९५७ साली फ्लिप रेकॉर्ड्सने त्याची तबकडी काढली. बेरीचा उच्चार त्यात स्वच्छ आहे, मागे साथीदारांचे मऊ आवाज आहेत, शब्द न् शब्द कळतो. म्हणजे ज्या कवितेवरून पुढे राज्यपालांपासून ॲटर्नी जनरलपर्यंत सगळे कामाला लागले, ती सहा-सात वर्षं आधीपासून दुकानात विकत मिळत होती. पुढे १९५९मध्ये लग्नाचा खर्च आला तेव्हा बेरीने या गाण्यावरचे आपले हक्क ७५० डॉलरना विकून टाकले.

कॅलिफोर्नियात ते तेवढ्यापुरतंच गाजलं, पण वायव्येकडच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत मात्र ते रुजलं. टकोमाच्या द वेलर्स बँडने रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकाला घेऊन १९६१मध्ये त्याला रॉकचा बाज दिला. त्यानंतर तिकडच्या प्रत्येक हौशी बँडला हे गाणं यावंच लागे. पोर्टलँडच्या किंग्समेनचा गायक जॅक एली ते ज्यूकबॉक्सवरून, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रावरून शिकला. म्हणजे तिसऱ्या हातचं गाणं, तेही कानाने उचललेलं. कागद कुणाच्याच समोर नव्हता.

आता मुख्य प्रसंग. ६ एप्रिल १९६३, पोर्टलँडमधला नॉर्थवेस्टर्न स्टुडिओ. खर्च साधारण पन्नास डॉलर, तोही पोरांनी आपसांत काढलेला. आदल्या दिवशी याच गाण्याचा दीड तासाचा अखंड फड झाला होता, त्यामुळे एलीचा घसा बसलेला. दातांना तारा. निर्माता केन चेस हा रेडिओवरचा माणूस, त्याला क्लबातल्यासारखा जिवंत आवाज हवा होता. म्हणून सगळे वादक गोलाकार उभे केले आणि गायकाचा माइक वर, छताच्या बाजूला टांगला. एली सांगत असे की टाचा उंचावून, मान वर करून, वरच्या माइककडे ओरडत त्याला गावं लागलं. पोरांना वाटलं तालीम चालली आहे. ती तालीम हाच टेक, म्हणजे रेकॉर्डसाठी पक्कं धरलेलं मुद्रण ठरला.

या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही एवढं ऐकून पुढचं सगळं दिसायला लागतं. तरी ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी जरा उलगडून सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलने घटते. गायक सहसा माइकपासून वीतभर अंतरावर गातो, धरा १५ सेंटिमीटर. तोच माइक १२० सेंटिमीटरवर नेला तर अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे १८ डेसिबल गेले. ड्रम आणि ॲम्प्लिफायर मात्र होते तिथेच, होते तेवढ्याच जोरात. गायकाचा आवाज वाढवायला फेडर, म्हणजे पातळीची सरकती कळ, वर केला की त्या माइकमध्ये शिरलेली झांज, गिटार, खोलीचा घुमारा सगळंच वर येतं. सगळं एकाच मोनो पट्टीवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळून, एकाच वेळी रेकॉर्ड होत असेल तर मागाहून दुरुस्तीला वावच उरत नाही.

दुसरी गोष्ट व्यंजनांची. गाण्यातली ताकद असते ‘आ’, ‘ओ’, ‘ए’ यांत. अर्थ मात्र असतो ‘स’, ‘त’, ‘क’, ‘फ’ यांच्या बारीक सुसकाऱ्यांत आणि स्फोटांत. ‘स’चा जीव असतो चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे, आणि हे बारीक आवाज तोंडातून दिव्याच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. तोंडाच्या रेषेतून माइक थोडा बाजूला गेला तरी सगळ्यात आधी तेच गळतात. शिवाय झांजा याच पट्ट्यात राहायला असतात! तारा लावलेल्या दातांतून निघालेला बिचारा ‘स’ आणि हातभरावर वाजणारी झांज, दोघे एकाच जागेसाठी भांडायला लागले तर कोण जिंकणार हे सांगायला नको. वर ही तबकडी लोकांनी ऐकली ती मुख्यतः एएम रेडिओवर, आणि तिथले साधे रिसीव्हर पाच हजारांच्या वरचं जवळपास सगळं कापूनच टाकत. म्हणजे व्यंजनं आधी खोलीत गेली, मग झांजेत गेली, आणि उरलीसुरली रेडिओने खाल्ली.

तिसरी गोष्ट भाषेची. बेरीने खलाशाच्या तोंडी कॅरिबियन वळणाची मोडकी इंग्रजी घातली आहे. कर्त्याच्या जागी भलतं सर्वनाम, मधले छोटे छोटे शब्द गायब. एरवी शब्द नीट ऐकू आला नाही तरी व्याकरणावरून आपण पुढचा शब्द ताडतो. इथे तो आधारही काढून घेतलेला.

हे सगळं स्टुडिओच्या खोलीमुळे झालं याचा पुरावा मागाल तर तोही आहे. त्याच स्टुडिओत, रॉबर्ट लिंडाल या त्याच ध्वनिमुद्रकाकडे, काही दिवसांच्या अंतराने पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स या बँडनेही हेच गाणं रेकॉर्ड केलं. शब्द तेच, गाव तेच. त्या रेकॉर्डवर शब्द कळतात आणि तिच्यावर असं वादळ उठलं नाही. लिंडालने स्वतःच पुढे हा फरक बोलून दाखवला होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, कारण शेवटी खापर फुटतं ते आमच्याच डोक्यावर.

आता शिवीचं. गाणं सुरू झाल्यावर सुमारे चोपन्नाव्या सेकंदाला, मागे कुठेतरी एक ओरडल्यासारखा आवाज येतो. ड्रमर लिन ईस्टनच्या हातून काठी सटकली आणि त्याच्या तोंडून इंग्रजीतली ती सुप्रसिद्ध शिवी गेली, अशी ही हकिकत आहे. आवाज आहे हे नक्की, आणि तो ड्रमच्या दिशेने आल्यासारखा लांबचा आहे. टेक चांगला लागला की असले अपघात आपण ठेवतो. त्यांनीही ठेवला. तसे गिटारच्या तुकड्यानंतर एली एका आवर्तनाआधीच गायला सुरुवात करतो, चपापून थांबतो, आणि ईस्टन ड्रमचा एक तुकडा टाकून सांभाळून घेतो, तेही तसंच ठेवलं. दुसरा टेक घ्यायला पैसे होते कुणाकडे?

रेकॉर्ड आधी पडूनच राहिली. १९६३च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या आर्नी गिन्सबर्ग या रेडिओ निवेदकाने ती ‘आठवड्यातली सर्वांत वाईट रेकॉर्ड’ म्हणून वाजवली आणि लोकांनी दुकानात जाऊन तीच मागितली. डिसेंबरात ती बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली आणि एकूण सहा आठवडे तिथे होती. पहिला क्रमांक मिळू दिला नाही तो आधी कुणी, तर बेल्जियमच्या एका जोगिणीच्या भक्तिगीताने. हे मी रचून सांगत नाही, ‘डोमिनिक’ नावाचं ते गाणं तेव्हा खरोखर अव्वल होतं.

याच सुमारास शाळा-कॉलेजांत चिठ्ठ्या फिरायला लागल्या. टाइप केलेल्या, हाताने उतरवलेल्या, ‘खरे शब्द’ असलेल्या. प्रत्येक चिठ्ठीतली अश्लीलता वेगळी. माझ्या मते या प्रकरणातला खरा गुन्हेगार ही चिठ्ठी, आणि इथे माझ्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा.

मिक्सिंग करणाऱ्याने गाण्याचे शब्द आधी वाचू नयेत. निदान गायकाची पातळी ठरेपर्यंत तरी नाही. कागद समोर असला की अगदी दबलेला आवाजसुद्धा स्वच्छ ऐकू येतो, कारण ऐकणारा कान नसतो, कागद असतो. गीतकार आणि संगीतकार सोफ्यावर बसून ‘अरे, किती छान कळतंय, वाद्यं अजून थोडी वर घे’ म्हणतात ते याचमुळे, त्यांना शब्द पाठ असतात. मग मी बाहेरून चहा घेऊन आलेल्या पोराला थांबवतो, एक ओळ ऐकवतो आणि काय ऐकलंस ते म्हणून दाखव म्हणतो. त्याने जे म्हटलं ते खरं. एकदा एका विरहगीताच्या ओळीत त्या पोराने भाजीचं नाव ऐकलं. गीतकार संतापले, पण पुन्हा ओळ लावली तर त्यांनाही तेच ऐकू यायला लागलं, आणि मग दिवसभर दुसरं काही ऐकू येईना. शेवटी त्या एका शब्दापुरतं गायिकेला परत बोलवून पंच करावं लागलं, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा गाऊन घेऊन बसवावा लागला. ईक्यू करून, म्हणजे आवाजातले जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करून, ते निघालं नसतं, कारण कानात एकदा भाजी बसली होती.

ही नुसती स्टुडिओतली गंमत नाही. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७०मध्ये एका वाक्यातला एक व्यंजनध्वनी पूर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज टाकला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला, काय गायब आहे ते सांगता येईना. १९८१मध्ये रॉबर्ट रेमेझ आणि सहकाऱ्यांनी वाक्याच्या जागी नुसत्या तीन शिट्ट्यांसारखे वर-खाली जाणारे सूर ऐकवले. काही न सांगता ऐकवलं तर बहुतेकांना चित्रविचित्र शीळ ऐकू येई, आणि हे बोलणं आहे म्हटलं की त्यातून शब्द निघायला लागत. अपुऱ्या आवाजाला मेंदू अपेक्षेचं ठिगळ लावतो. ‘लुई लुई’त ठिगळ लावायला भरपूर भोकं होती आणि चिठ्ठीने कापड पुरवलं.

आपल्याला हे नवीन नाही. गणपतीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ आणि ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ म्हणत अख्ख्या पिढ्या मोठ्या झाल्या. टाळ, झांजा, टाळ्या आणि पुढच्याचं ऐकून मागच्याने म्हणणं. फरक इतकाच की आपल्या घरात आरतीसंग्रह असतो आणि चुकीचं म्हणणाऱ्याच्या मनात कुणावर खटला भरायचा नसतो.

अमेरिकेत १९६४च्या जानेवारीत इंडियानाचे राज्यपाल मॅथ्यू वेल्श यांच्याकडे एका विद्यार्थ्याची तक्रार आली. त्यांनी रेकॉर्ड ऐकली, कान झिणझिणले म्हणाले, आणि राज्याच्या प्रसारक संघटनेला ती वाजवू नये असं सुचवलं. ही बंदी नव्हे, असं ते नंतर सांगत राहिले, पण राज्यपालांनी ‘सुचवलं’ की त्याचा अर्थ रेडिओ चालवणाऱ्याला कळतो. गाण्याच्या प्रकाशकांनी रेकॉर्डमध्ये अश्लील शब्द सिद्ध करून दाखवणाऱ्याला हजार डॉलर देऊ केले. फेब्रुवारीत एका पालकाने थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं आणि काम एफबीआयकडे गेलं. कलम होतं अश्लील साहित्याची राज्याबाहेर वाहतूक केल्याचं.

पुढची दोन वर्षं आणि वर काही महिने ही चौकशी चालू होती. शंभराहून जास्त पानांची ती फाइल आता जाहीर आहे, ज्यांना इंग्रजी सरकारी कागद वाचायची हौस असेल त्यांनी जरूर वाचावी, करमणूक आहे. त्यात वेगवेगळ्या गावांतून आलेल्या त्या चिठ्ठ्या जोडलेल्या आहेत. प्रयोगशाळेने तबकडी निरनिराळ्या वेगांत वाजवून पाहिली आणि शेवटी निष्कर्ष असा दिला की शब्द निश्चित करता येत नाहीत, त्यामुळे रेकॉर्ड अश्लील आहे असं म्हणता येत नाही. माझ्या मते हा निष्कर्ष चोख आहे. जे ऐकू येत नाही ते येत नाही असं लिहायला धैर्य लागतं, विशेषतः वरून दबाव असेल तेव्हा. त्या तंत्रज्ञांना मी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवीन ती तपासाच्या रीतीला. बेरीला विचारलं, बँडच्या लोकांना विचारलं, रेडर्सना विचारलं, कंपनीच्या साहेबांना विचारलं. ज्याने ते शब्द प्रत्यक्ष गायले त्या जॅक एलीला कुणीच विचारलं नाही. कारण रेकॉर्ड गाजायच्या आधीच, १९६३च्या ऑगस्टात, एली बँडमधून बाहेर पडला होता. ईस्टनने बँडचं नाव स्वतःकडे नोंदवून घेतलं होतं आणि आता आपण गाणार असं जाहीर केलं. त्यामुळे टीव्हीवर ईस्टन ओठ हलवायचा आणि आवाज एलीचा यायचा. कोर्टकचेरी होऊन १९६६मध्ये तडजोड झाली तेव्हा कुठे तबकडीवर मुख्य गायक म्हणून एलीचं नाव छापायचं ठरलं.

याच्या शेजारी ओहायोमधली गोष्ट ठेवा. १९६४मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातही हाच वाद पेटला होता. तिथल्या ‘द लँटर्न’ या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने एका स्थानिक रेडिओ केंद्राच्या मदतीने किंग्समेनची रेकॉर्ड विकणाऱ्या वाँड रेकॉर्ड्स कंपनीला पत्र लिहिलं, शब्द मागवले आणि सगळे छापून टाकले. वाद तिथेच मिटला, आणि त्या वर्षी विद्यापीठाच्या समारंभात वाजवायला किंग्समेनलाच बोलावण्यात आलं. एका पाकिटाचं काम!

वेगाचा मुद्दा बऱ्याच जणांच्या मनात असतो म्हणून सांगतो. तेव्हा पोरांत अशी समजूत होती की ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ १/३वर लावली की ‘खरे शब्द’ स्पष्ट होतात. तसं केलं तर सगळ्या कंपनांचं प्रमाण मूळच्या सुमारे ७४ टक्क्यांवर येतं, म्हणजे गाणं पाच अर्धस्वरांहून थोडं जास्त खाली उतरतं. पण त्याबरोबर तोंडाच्या पोकळीची जी ओळख स्वरांत असते तीही खाली सरकते, आणि एक स्वर दुसऱ्यासारखा वाटायला लागतो. जे व्यंजन पट्टीवर उमटलंच नाही ते हळू वाजवल्याने उगवत नाही. शब्द उलगडत नाहीत, वेगळे होतात, आणि वेगळे झाले की चिठ्ठीतल्या शब्दांना आणखी जागा मिळते. रेकॉर्ड उलटी वाजवून किंवा गाण्यात ‘लपवलेले’ म्हणून शोधलेल्या शब्दांचंही हेच. १९९०मध्ये नेवाडातल्या रिनो शहरात जुडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला. त्यांच्या गाण्यात आत्महत्येला चिथावणी देणारे दोन छोटे शब्द लपवले आहेत असा दावा होता. तपासात तो आवाज म्हणजे गायकाचा निश्वास आणि गिटारचा एक सूर एकावर एक पडून झालेला योगायोग निघाला आणि दावा फेटाळला गेला. तिथे निदान मूळ ट्रॅक वेगवेगळे होते म्हणून छडा लागला. किंग्समेनच्या मोनो पट्टीत वेगळं करायला काही नव्हतंच.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, आजच्या सॉफ्टवेअरकडे. गायकाचा आवाज, ड्रम, बास अलग करणारी साधनं आता घरच्या संगणकावर चालतात आणि मी ती रोज वापरतो. जुन्या मराठी रेकॉर्डिंगांवर काम करताना तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. पण त्यांचं काम काय ते समजून घ्या. एकत्र मिसळलेल्या आवाजातला कुठला भाग माणसाच्या गळ्यातून आलेला ‘असावा’ याचा ती अंदाज बांधतात, तोही आधी ऐकवलेल्या हजारो गाण्यांवरून. गिटार बाजूला जाते, एली पुढे येतो, ऐकायला मजाही येते. झांजेने गिळलेला ‘स’ मात्र परत येत नाही. आणि जिथे तो आल्यासारखा वाटतो तिथे तो यंत्राने भरलेला असण्याची शक्यता धरून चाला. बोललेलं लिहून देणारी यंत्रं तर त्याहून बिलंदर. ती पुढचा शब्द संभाव्यतेवरून निवडतात, आणि या गाण्याचे शब्द इंटरनेटवर शेकडो ठिकाणी पडलेले आहेत. यंत्राने बेरीचे शब्द अचूक लिहून दिले तरी ते ऐकून लिहिले की ‘आधी वाचून’ लिहिले, हे कसं ठरवणार? त्यामुळे कोर्टात किंवा वादात असला उतारा पुरावा म्हणून कुणी पुढे केला तर माझा पहिला प्रश्न असेल की मूळ मुद्रणात त्या क्षणी त्या पट्ट्यात आवाज होता का. नसेल तर उताऱ्याला अर्थ नाही.

आपल्याकडची यंत्रणा याच्या बरोबर उलट चालते हेही जाता जाता. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते ती कागदावर. म्हणजे इथे अधिकाऱ्याला न कळण्याचा प्रश्न नाही, शब्द समोर छापलेले असतात. अडचण येते ती उच्चारात, विरामात, डोळा मिचकावण्यात, जे संहितेत नसतंच. तमाशातल्या बतावणीचा अर्धा जीव याच फटीत आहे. किंग्समेनच्या बाबतीत मात्र नजर नुसती आवाजावर होती, आणि जो एक आक्षेपार्ह आवाज खरोखर होता तो कुणी शोधला नाही, कारण तो कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेला नव्हता.

पैशाचं दोन ओळींत. बँडने १९६८च्या एका करारानुसार मूळ मुद्रणावरच्या उत्पन्नातला वाटा मिळायची वाट पाहिली आणि तो मिळालाच नाही. १९९३मध्ये ते कोर्टात गेले, १९९८मध्ये निकाल कायम झाला आणि मूळ मुद्रणाचे हक्क त्यांना परत मिळाले. बेरीलाही १९८०च्या दशकात आपल्या गाण्याचे हक्क बऱ्याच अंशी परत मिळाले आणि १९९७मध्ये जाण्याआधी त्याला त्याचे बऱ्यापैकी पैसे बघायला मिळाले, ही या सगळ्यातली मला सगळ्यात आवडणारी बाब.

ऐकायचंच असेल तर एक व्यवहाराची सूचना. संग्रहांमध्ये आणि ॲपवर या गाण्याची नंतर पुन्हा रेकॉर्ड केलेली रूपं सर्रास याच बँडच्या नावाने मिळतात. काही ठिकाणी मोनो आवाजाची ओढूनताणून केलेली स्टीरिओ आवृत्तीही आहे, तिच्यात तर उरलेलं बारीक कामही पसरट होतं. १९६३ची मोनो आवृत्ती शोधा. ती पावणेतीन मिनिटांच्या आत संपते आणि गिटारच्या तुकड्यानंतर, दोन मिनिटांच्या जरा अलीकडे, गायक लवकर सुरू होऊन थांबतो. हेडफोनपेक्षा एका साध्या स्पीकरवर, मध्यम आवाजात ऐका. शब्द आधी वाचू नका, घरातल्या दोघा-तिघांना वेगवेगळं ऐकवा आणि जे ऐकू येईल ते प्रत्येकाला स्वतंत्र लिहायला सांगा. मग बेरीची १९५७ची रेकॉर्ड लावा. त्यानंतर किंग्समेन पुन्हा ऐकाल तेव्हा सगळे शब्द व्यवस्थित कळतील, आणि त्यातले निम्मे तरी मुद्रणात नाहीत हे लक्षात ठेवा.